काकडीचा घोडा, वांग्याची गाय



सियालदह स्टेशनातून बाहेर पडलात की जवळच कोले मार्केट लागते. कोलकात्याच्या स्वयंपाकघरांत जाणारी कितीतरी भाजी आधी या घाऊक बाजारात उतरते. आज या बाजारातून आपल्याला दोनच वस्तू हव्या आहेत: एक कोवळी काकडी आणि एक लहानसे वांगे. कोशिंबीर करायची नाही आणि भरीतही नाही. काकडीला चार काड्या टोचून तिचा घोडा करायचा आहे आणि वांग्याला चार काड्या टोचून त्याची गाय.

जपानमधल्या अनेक घरांत ऑगस्टच्या मध्यावर हे दोन प्राणी तयार होतात. ओबोन नावाच्या सणाला घरातली गेलेली माणसे परत भेटायला येतात, अशी तिथली समजूत आहे. येताना त्यांनी झटपट यावे म्हणून घोडा. जाताना सावकाश, मागे वळून बघत, पाठीवर थोडी शिदोरी लादून जावे म्हणून गाय.

किती साधी गोष्ट आहे पाहा! चार वर्षांचे मूलही हे करू शकते. आणि करता करता ते विचारतेच, “या घोड्यावर बसून कोण येणार?”

आजच्या लेखात याच प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. कारण हल्ली आपल्याकडेही जपानी संस्कृतीचे कार्यक्रम होतात. जपानी भाषेच्या वर्गांत, शाळांत, मोठ्या शहरांतल्या मेळ्यांत मुले कागदाचे बगळे घडवतात, युकाता नावाचा सुती झगा घालून फोटो काढतात, ढोलाच्या तालावर गोल फेर धरतात. सगळे छानच असते. पण तो फेर कशासाठी धरायचा, हे सांगायचे बहुधा राहून जाते. ते कळले, तर त्या मेळ्यातून आपण फोटोंपेक्षा काहीतरी जास्त घरी आणू.

चार दिवसांचे पाहुणे

ओबोन जपानच्या बहुतेक भागांत १३ ते १६ ऑगस्टला पाळतात. मुळात हा सण जुन्या चांद्र पंचांगाप्रमाणे सातव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सुमारास येई. १८७३ साली जपानने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारले आणि सणांच्या तारखांची थोडी ओढाताण झाली. त्यामुळे टोकियोच्या काही भागांत ओबोन जुलैच्या मध्यावर होतो, बाकी बऱ्याच ठिकाणी ऑगस्टमध्ये आणि ओकिनावा बेटांवर आजही चंद्राच्या हिशोबाने. तिथी की तारीख, हा घोळ फक्त आपल्याच घरात असतो असे नाही!

१३ तारखेच्या संध्याकाळी दाराशी छोटासा जाळ करतात किंवा कंदील लावतात. पाहुण्यांना घर सापडावे म्हणून हा उजेड. त्याआधी घराण्याच्या थडग्यांची साफसफाई झालेली असते, पाणी घातलेले असते, फुले वाहिलेली असतात. घरात एक चौरंग मांडून त्यावर फळे, भाज्या, गेलेल्या माणसाच्या आवडीचे पदार्थ आणि आपले ते दोन प्राणी ठेवतात. घरातले कोणी गेल्यावर जो पहिला ओबोन येतो, त्याला फार महत्त्व. अशा घरी पांढरा कंदील टांगण्याची रीत आहे.

१६ तारखेला निरोपाचा जाळ. क्योतो शहरात तर त्या रात्री भोवतालच्या पाच डोंगरांवर प्रचंड आकाराची अक्षरे आणि आकृती जाळाने उजळतात. कुठे कागदी कंदील नदीत सोडतात. दिवे हळूहळू दूर जातात आणि काठावरची माणसे ते दिसेनासे होईपर्यंत बघत उभी राहतात.

या दिवसांत जपानमधली शहरे ओसरतात. नोकरीसाठी टोकियो, ओसाकाला गेलेली माणसे आपापल्या गावी निघतात आणि गाड्यांना तुडुंब गर्दी होते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गर्दी वेगळी समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे घरी येणाऱ्यांमध्ये जिवंत माणसेही असतात आणि गेलेलीही.

आईसाठी धावलेला मुलगा

ओबोनच्या मागे एक गोष्ट आहे आणि तिचा नायक आपल्याकडचा आहे.

जपानी त्याला मोकुरेन म्हणतात. आपण त्याला मौद्गल्यायन किंवा पालीत मोग्गल्लान म्हणून ओळखतो. राजगृहाजवळच्या एका गावात जन्मलेला हा ब्राह्मण तरुण पुढे बुद्धांच्या दोन प्रमुख शिष्यांपैकी एक झाला. दुसरा सारिपुत्त, त्याचा जिवलग मित्र.

गोष्ट अशी: ध्यानाने मौद्गल्यायनाला दिव्यदृष्टी मिळाली. त्याने पहिल्यांदा काय पाहिले असेल? आपली गेलेली आई कुठे आहे ते पाहिले. ती प्रेतलोकात होती, भुकेने हाडांचा सापळा झालेली. त्याने ताट भरून तिच्यापुढे ठेवले, पण घास तोंडाशी नेताच त्याचा निखारा होई. सगळ्या सिद्धी हाताशी असून आईच्या पोटात एक घास जाईना. रडत तो बुद्धांकडे गेला. बुद्धांनी सांगितले, “हे तुझ्या एकट्याच्याने होणार नाही. वर्षावास संपेल त्या दिवशी सगळ्या भिक्षूंना जेवण घाल. सगळ्यांच्या पुण्याने तिची सुटका होईल.” त्याने तसे केले आणि आई सुटली. आई सुटल्याच्या आनंदात तो नाचू लागला आणि तोच ओबोनचा नाच, असे जपानमध्ये सांगतात.

आपल्या महाराष्ट्रातल्या बौद्ध घरांत वर्षावास हा शब्द रोजचा आहे. आषाढी पौर्णिमेपासून विहारांत ग्रंथवाचन सुरू होते. तोच हा पावसाळ्याचा मुक्काम. ओबोन हे नाव ‘उराबोन’ या शब्दावरून आले आणि तो संस्कृत ‘उल्लंबन’ म्हणजे उलटे टांगलेले असणे या शब्दावरून आला, असे परंपरा मानते. हे सूत्र आज ज्या रूपात मिळते ते चीनमध्ये घडले असावे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे गोष्टीतला मुलगा मगधातला, गोष्ट वाढली चीनमध्ये आणि तिचा सण झाला जपानमध्ये.

आता परत सियालदहला येऊ. स्टेशनापासून महात्मा गांधी रोडने पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटे चालत गेलात की कॉलेज स्क्वेअर लागतो. पुस्तकांच्या दुकानांच्या या गजबजाटात महाबोधी सोसायटीचा धर्मराजिक चैत्य विहार आहे. तो १९२० साली उघडला. या सोसायटीचे संस्थापक श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल. ते १८८९ पासून अनेकदा जपानला जाऊन आले होते.

१८५१ साली अलेक्झांडर कनिंगहॅम यांना सांचीच्या तिसऱ्या स्तूपात दोन दगडी पेट्या सापडल्या. एकीच्या झाकणावर ब्राह्मी लिपीत सारिपुत्ताचे नाव होते, दुसरीवर महामोग्गल्लानाचे. त्यांतले अवशेष पुढे इंग्लंडला गेले आणि लंडनच्या संग्रहालयात राहिले. स्वातंत्र्याच्या सुमारास ते परत द्यायचे ठरले. श्रीलंकेमार्गे जानेवारी १९४९ मध्ये ते कोलकात्याला आले. पंडित नेहरूंनी ते महाबोधी सोसायटीच्या हवाली केले. त्या वेळी सोसायटीचे अध्यक्ष होते श्यामाप्रसाद मुखर्जी. १९५२ साली ते सांचीच्या नव्या विहारात ठेवले गेले.

ज्याच्या नावाने जपानच्या गल्लोगल्ली ढोल वाजतो, त्या मुलाचे अवशेष मानल्या गेलेल्या अस्थी अनेक दशकांच्या परदेशवासानंतर याच शहरातून घरी गेल्या. कॉलेज स्क्वेअरला पुस्तके घ्यायला गेलात तर विहारासमोर दोन मिनिटे थांबा आणि बरोबरच्या मुलांना मौद्गल्यायनाच्या आईची गोष्ट सांगा.

नाम घेत नाचणे

ओबोनच्या संध्याकाळी मोकळ्या मैदानात, देवळाच्या अंगणात किंवा शाळेच्या पटांगणात लाकडी मचाण उभारतात. त्याला यागुरा म्हणतात. त्यावर मोठा ढोल, म्हणजे ताइको, आणि चारी बाजूंनी लांबवर ओढलेल्या कंदिलांच्या माळा. मचाणाभोवती माणसे गोल फेर धरून नाचतात. हा बोन ओदोरी.

या नाचाच्या मुळांत एक ओळखीचे मूळ आहे. तेराव्या शतकात इप्पेन नावाचा एक भिक्षू जपानभर पायी फिरत होता. अमिताभ बुद्धाचे नाम घ्या, बाकी काही लागत नाही, हे त्याचे सांगणे. नाम घेता घेता तो आणि त्याच्याबरोबरची माणसे नाचू लागत. या नामघोषाच्या नाचातून बोन ओदोरी घडत गेला, असे मानतात. इप्पेनचा काळ १२३९ ते १२८९. आपल्या नामदेवांचा जन्म १२७० चा, ज्ञानदेवांचा १२७५ चा. म्हणजे इकडे चंद्रभागेच्या वाळवंटी कीर्तनाच्या रंगी नाचणारे होते, तेव्हाच तिकडेही कोणी नाम घेत नाचत होते. एकाला दुसऱ्याची काहीच खबर नव्हती. आषाढी वारीत पावली खेळलेल्या माणसाला बोन ओदोरी परका वाटणार नाही, तो यामुळेच.

अकिता प्रांतातल्या निशिमोनाई गावी नाचणाऱ्यांपैकी काही जण डोळ्यांपुरती भोके असलेले काळे बुरखे घालतात. पाहणाऱ्याला वाटते, यांतले जिवंत कोण आणि परत आलेले कोण? गुजो हाचिमान या गावात १३ ऑगस्टपासून चार रात्री पहाटेपर्यंत नाच चालतो आणि पाहायला आलेला कोणीही त्यात शिरतो. अशा ४१ नाचांना मिळून २०२२ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०२१ मध्ये, कोलकात्याची दुर्गापूजा त्या यादीत गेली होती.

जपानी ढोल ऐकायला कोलकातेकरांना फार लांब जावे लागत नाही. सियालदहच्या दक्षिण विभागातून लोकल पकडून ढाकुरियाला उतरा. तिथून जवळ लेक रोडवर जपानी बौद्ध मंदिर आहे. निचिदात्सु फुजी या भिक्षूंनी ते १९३५ च्या सुमारास उभारले. तिथला ढोल प्रार्थनेचा आहे, जत्रेचा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. हेच फुजीगुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते आणि पुढे त्यांच्या पंथाचा मंत्र आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेत आला. मुंबईत वरळीलाही याच पंथाचे मंदिर आहे.

खाणकामगारांचा नाच

मेळ्यात बोन ओदोरी असेल तर बहुधा एक नाच हमखास असतो, तान्को बुशी. क्युशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीतल्या लोकांचे हे गाणे. त्याच्या हालचाली इतक्या सोप्या की घरातल्या दिवाणखान्यातही करता येतात. दोन्ही हातांनी फावडे धरल्यासारखे करून उजवीकडे दोनदा खणायचे, मग डावीकडे दोनदा. कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा. कपाळावर हात धरून चंद्राकडे बघायचे. वाकून ढकलगाडी पुढे रेटायची. हात पसरायचे आणि टाळ्या. झाले!

याला साज नाही, नखरा नाही. दिवसभर अंग मोडून केलेले काम संध्याकाळी नाचात आले. बंगालमध्ये राहणाऱ्यांना कोळशाची ओळख करून द्यायला नकोच. राणीगंजला १७७४ मध्ये कोळसा खणायला सुरुवात झाली. आपल्या चंद्रपूर-वणीच्या वाचकांच्या अंगणातही कोळशाची धूळ येते. खाणीत गेलेल्या आणि खाणीतून वर न आलेल्या माणसांची आठवण काढायला त्यांच्याच कामाच्या हालचाली करायच्या, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. आजोबा शिंपी असतील तर सुईत दोरा ओवण्याची हालचाल. आजी भात लावणारी असेल तर वाकून रोप खोचण्याची. माणूस कामाने आठवतो.

जत्रेतली दुकाने

मैदानाच्या कडेने दुकाने असतात. सोनेरी मासे पकडण्याचा खेळ मुलांचा सर्वांत लाडका. पातळ कागद ताणून बसवलेली कडी हातात देतात. तिने पाण्यातला मासा उचलायचा. घाई केली की कागद फाटतो. बर्फ किसून त्यावर रंगीत पाक ओततात, त्याला काकिगोरी म्हणतात. आपला बर्फाचा गोळाच तो, फक्त काडीऐवजी वाटीत. कापसासारखी साखर, तव्यावर परतलेल्या शेवया, मुखवटे, हातपंखे. सियालदहच्या दक्षिणेला मौलालीला रथयात्रेच्या दिवसांत जो मेळा भरतो, तिथे झाडांची रोपे मिळतात, पापडभाजा आणि जिलिपी खाल्ल्याशिवाय कोणी परतत नाही. जत्रेची चव सगळीकडे सारखीच: थोडी तेलकट, थोडी गोड आणि घरी गेल्यावर आईचे बोलणे खाण्याइतकी जास्त.

जुलैच्या ७ तारखेला तानाबाता असतो. आकाशगंगेच्या दोन काठांवर ताटातूट झालेले दोन तारे त्या रात्री भेटतात, अशी कथा. लोक कागदाच्या पट्टीवर आपली इच्छा लिहून ती बांबूच्या फांदीला बांधतात. त्या दोन ताऱ्यांना इंग्रजीत वेगा आणि अल्टेअर म्हणतात. आपल्याकडे त्यांचीच नावे अभिजित आणि श्रवण. ढग नसतील त्या रात्री गच्चीवर जाऊन मुलांना दोन्ही दाखवा. आपल्या श्रावण महिन्याचे नाव ज्या नक्षत्रावरून पडले, तेच हे श्रवण.

आपल्या घरातला घोडा

आता मूळ प्रश्नाकडे. आपल्या घोड्यावर कोण बसून येणार?

आपल्याकडेही गेलेली माणसे घरी येतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, पितृपंधरवड्यात. गावाकडे त्याला म्हाळ म्हणतात. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी, कावळ्याला पान. बंगालमध्ये महालयाच्या पहाटे गंगेच्या घाटांवर तर्पणाला माणसांची रीघ लागते आणि घरोघरी आकाशवाणीवर बीरेंद्रकृष्ण भद्रांचा आवाज घुमतो.

पण आपल्या घरांत त्या दिवशी मुले काय करतात? बहुधा शाळेत जातात. विधी सकाळी उरकतो. तो घरातले एक पुरुषमाणूस करते, बायका स्वयंपाकघरात राबतात आणि मुलांना सांगितले जाते की नैवेद्य होईपर्यंत काही खायचे नाही. या दिवसांत नवे काही घ्यायचे नाही, शुभ काही बोलायचे नाही. मुलांच्या मनात गेलेल्या आजोबांची एकच ओळख उरते: काहीतरी अशुभ, लवकर आटपावे असे.

त्यातून आपण गाव सोडले. कोणी कोलकात्यात, कोणी बंगळुरूत, कोणी टोकियोत. टोकियोच्या एदोगावा भागात, निशी-कासाई स्टेशनाच्या आसपास, भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि तीत मराठी घरेही आहेत. मूळचे मराठी योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या स्थानिक सभागृहात निवडूनही आले. तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना बोन ओदोरी शेजारच्या मैदानातच बघायला मिळतो. आपल्या पणजोबांचा म्हाळ मात्र त्यांना फोनवरूनच ऐकावा लागतो. पंधराव्या मजल्याच्या खिडकीत पान ठेवले तर कावळा येत नाही आणि शेजारच्यांना काय सांगायचे, हाही प्रश्न असतो. मग हळूहळू पान ठेवणेच थांबते. कोणी ठरवून थांबवत नाही. एका वर्षी सुट्टी मिळत नाही, पुढच्या वर्षी परीक्षा असते, तिसऱ्या वर्षी कोणाला आठवतही नाही.

नुकसान विधी राहिल्याचे होते की नाही, हे ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेने ठरवावे. त्याहून सरळ नुकसान वेगळे आहे. तर्पणात तीन पिढ्यांची नावे घ्यावी लागतात: वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. निदान वर्षातून एकदा कोणीतरी ती सहा नावे मोठ्याने उच्चारत होते. ते थांबले की नावे जातात. आता हा लेख वाचताना क्षणभर थांबा आणि बघा बरे, तुमच्या पणजीचे नाव तुम्हाला आठवते का? वडिलांच्या आजीचे? आईच्या आजीचे? लग्नाआधीचे तिचे नाव काय होते?

बहुतेक घरांत पणजोबांचे नाव सापडते, कारण ते सातबाऱ्यावर असते. पणजीचे नाव शोधावे लागते.

आनंद आणि आठवण एकत्र नांदू शकतात, हे शिकायला जपानलाच जायला हवे असे नाही. आपल्या खानदेशातली आखाजी पाहा. ऐन उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्यांची नावे घेऊन अग्नीत घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. पुरणपोळी आणि आमरसाचे जेवण होते. आणि त्याच दिवशी माहेरी आलेल्या लेकी झाडाला झोका बांधून गाणी म्हणतात. बहिणाबाई चौधरींनीही आखाजीवर गाणे रचले आहे. पितरही आले, लेकीही आल्या, झोकाही उंच गेला. जपानच्या मैदानातल्या ढोलाभोवती जे होते, तेच जळगाव-धुळ्याच्या लिंबाच्या झाडाखाली होते.

एवढे करून पाहा

म्हणून मंडळी, या वर्षी चार गोष्टी सुचवते. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही वयाच्या घरात जमतील अशा.

पहिली: जवळपास जपानी मेळा असेल तर मुलांना घेऊन जरूर जा. फेर धरलेला दिसला की कडेला उभे राहून मोबाइल धरू नका. पुढच्या माणसाचे हात बघत आत शिरा. चुकले तरी चालते, तो नाच चुकण्याइतका अवघड नाहीच. मौद्गल्यायनाची गोष्ट मात्र जाण्याआधी सांगून ठेवा.

दुसरी: एका संध्याकाळी काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय करा. दात कोरायच्या काड्या चालतात, पण लहान मुलांसाठी त्यांची टोके आधी तोडून टाका. आगपेटीच्या काड्या असतील तर गूल काढून घ्या. वांग्याचे देठ हे गाईचे डोके. प्राणी उभे राहिले की विचारा, “यावर कोण येईल?” आणि मग उत्तर द्या. एकाच माणसाबद्दल बोला. ते कसे हसत, काय काम करत, कशाला घाबरत, कोणती भाजी ताटातून हळूच बाजूला सारत. अमुक साली जन्मले आणि तमुक साली वारले, एवढ्याने मुलांसमोर माणूस उभा राहत नाही. ताटातून बाजूला सारलेल्या दोडक्याने राहतो.

तिसरी: कागदाच्या पट्ट्या घ्या. कोलकात्यात असाल तर सियालदहजवळच्या बैठकखाना बाजारात कागदाची घाऊक दुकानेच दुकाने आहेत. नसाल तर वहीचे पान पुरे. एकेका पट्टीवर घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचे नाव लिहा. वडिलांकडचे, आईकडचे, दोन्हीकडचे. ज्या मावशीला मूलबाळ नव्हते तिचेही, शेजारच्या ज्या काकांनी तुम्हाला सायकल शिकवली त्यांचेही. जी नावे आठवत नाहीत, त्यासाठी गावी फोन करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारायचे ते आत्ताच विचारा. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

चौथी: पितृपंधरवडा पाळत असाल तर त्या दिवशी मुलांना जवळ बसवा. तीन पिढ्यांची नावे त्यांनाही मोठ्याने घेऊ द्या, मुलींनाही. पाळत नसाल तर घरातल्या एखाद्या गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ एक दिवस मुद्दाम करा आणि तो कोणाचा हे जेवताना सांगा.

काकडी दुसऱ्या दिवशी सुकते. वांग्याला सुरकुत्या पडतात. जपानमध्ये पूर्वी हे प्राणी नदीत सोडून देत. आपण ते कुंडीतल्या मातीत पुरून टाकू, काड्या मात्र आधी काढून. खत होईल.

आणि हो, पणजीचे नाव सापडले की ते आपल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. “शुभ सकाळ”च्या फुलांमध्ये एक दिवस ते दिसू द्या. बघा, कोणीतरी काकू लगेच लिहील, “अगं, त्यांना सगळे बायो म्हणायचे.” मग दुसरे कोणी काही सांगेल, तिसरे कोणी ते खोडून काढेल, आणि घोडा दाराशी आलेला असेल.